पार्सलतात्या

एमआयडीसी आलेल्या प्रत्येक गावात जमिनीचे पैसे मिळालेला एक गृहस्थ असतोच. पहिल्या फेरीत तो भाड्याच्या खोल्या बांधतो, दुसऱ्या फेरीत गाडी घेतो आणि तिसऱ्या फेरीत त्याला शेअर बाजार सापडतो. आमच्या रांजणगावात त्याला पार्सलतात्या म्हणतात.

तात्यांच्या खोल्यांत मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची पोरं राहतात. पोरं शिफ्टला गेली की पार्सलवाले येतात, आणि फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले तात्या सगळ्यांची पार्सलं उतरवून घेतात. उतरवून म्हणजे नुसती नव्हे. पिशवी हातात तोलायची, अंगठ्यानं दाबून बघायची, कानाशी हलवायची. "चप्पल. डाव्या पायाची पुढं आलीय." मग भाडेपावत्यांच्या वहीत मागच्या बाजूनं नोंद: तारीख, खोली नंबर, कंपनी. ही वही म्हणजेच तात्यांचा शेअर बाजाराचा अभ्यास. ताळेबंद वगैरे वाचणं ते पुण्यातल्या लोकांवर सोडतात.

"गुरुजी," ते मला म्हणतात, "ह्या पोराला बारा तासांची ड्युटी हाय आन् महिन्याला पार्सलं सहा. आता सांगा, पैका कुणाकडं चाललाय? मग आपण तिकडंच जाऊन बसायचं का न्हाई?"

या युक्तिवादाला उत्तर नसतं. स्वतः तात्यांनी मात्र आजवर ऑनलाइन एक रुमालही मागवलेला नाही. "न बघता कोण घेतंय?" असं त्यांचं ठाम मत आहे. शेअरच्या बाबतीत ही अट त्यांना आठवत नाही.

सुरुवात जुलै 2021 ला झाली. झोमॅटोचा शेअर 76 रुपयांना निघाला आणि नोंदणीच्या दिवशी 115 च्या पुढे उघडला. कंपनी तेव्हा वर्षाला आठशे कोटींच्या वर तोट्यात होती. मी तसं म्हटल्यावर तात्यांनी मंदिराच्या दिशेनं हात जोडले. "महागणपतीची मूळ मूर्ती तळघरात हाय म्हणत्यात. दिसत न्हाई म्हणून न्हाई म्हणायचं का? नफ्याचं बी तसंच." पुढच्या जुलैत जुन्या भागधारकांना विक्रीची मुभा मिळाली आणि भाव पन्नासच्या खाली आला. तात्यांनी वैतागून विकला. पुढे 2024 च्या अखेरीस तो तीनशेच्या आसपास गेला, हे त्यांच्यापुढे काढायचं नसतं.

नायका कंपनीचे 12 शेअर 1,125 नं लागले होते. नोव्हेंबर 2022 मध्ये एकाला पाच बोनस मिळाले, 12 चे 72 झाले. तात्यांनी आळीभर पेढे वाटले. नंतर मोबाईलवर भाव बघितला तर तो सहाव्या हिश्शावर. चोर सापडेना, कारण चोरी झालीच नव्हती. एका भाकरीचे सहा तुकडे केले होते, एवढंच. पेढ्यांचे पैसे मात्र खरोखर गेले.

बाळांचं सामान विकणारी फर्स्टक्राय तर पुण्याची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. ऑगस्ट 2024 मध्ये 465 चा शेअर 651 ला उघडला तेव्हा तात्यांनी खोल्यांतल्या नव्या बाळांची मोजणी सुरू केली. पाळणा हलला की शेअर हलला पाहिजे, असं गणित. पाळणे हलत राहिले, लंगोटांची पार्सलं येत राहिली, आणि पुढच्या वर्षी शेअर 465 च्याही खाली गेला. धंदा चालणं आणि आपण दिलेला भाव परवडणं या दोन गोष्टी वहीच्या एकाच रकान्यात बसत नाहीत. हे घरात फक्त काकूंच्या लक्षात आलंय. चुलीपुढून न हलता त्या म्हणतात, "येतंय ते लिवता, मग परत किती जातंय ते बी लिवा की." पण तात्यांच्या वहीत आवक आहे, जावक नाही.

अर्ज मात्र शिस्तीत. एका पॅनकार्डावर एकच अर्ज चालतो म्हणून स्वतः तात्या, काकू, मुलगा, सूनबाई असे चार अर्ज. बँकेत पैसे अडकले की घरात किराणा उधारीवर. ऑक्टोबर 2025 मध्ये एलजीचा शेअर आला. कारखाना गावात, निम्मे भाडेकरू तिथलेच. तात्यांनी हात लावला नाही. "फ्रिज घेतला की मानूस पंधरा वर्सं तिकडं फिरकत न्हाई. पार्सल रोज येतं." 1,140 चा तो शेअर 1,710 ला उघडला. त्या दिवशी भाडेकरूंची पार्सलं तात्यांनी उतरवून घेतली नाहीत.

डिसेंबरात मीशो आली, 111 ला. चार अर्जांतून सूनबाईच्या नावावर लॉट लागला, 135 शेअर. "हजार झाल्याबिगर हलवायचा न्हाई," असा तात्यांचा हुकूम सुटला. सूनबाईनं पहिल्याच दिवशी 160 च्या वर विकून टाकला आणि शिरूरच्या दुकानातून, नीट झाकण उघडून बघून, वॉशिंग मशीन आणलं. एलजीचं.

तात्या खचलेले नाहीत. आता त्यांचा डोळा फ्लिपकार्टवर आहे. अमेरिकेच्या वॉलमार्टनं 2018 साली ती घेतली, तेव्हापासून तिचा शेअर कधी निघतो याची ते वाट बघतायत. संकष्टीला त्यासाठी नवस बोलून झालाय, वहीही नवी घातलीय.

रांजणगावात कुणाला खोली हवी असेल तर तात्यांकडे चौकशी करावी. डिपॉझिट दोन महिन्यांचं, पाणी दिवसाआड, आणि महिन्याला निदान चार पार्सलं आली पाहिजेत.