मानकोलीतला माझा उठाव

विज्ञानकथा वाचणाऱ्याच्या शेजारी पंगतीत कुणी बसत नाही. शब्दांच्या जन्मकथा सांगणाऱ्याची तर अख्खी रांगच रिकामी राहते. माझ्यात हे दोन्ही गुण आहेत. कुणी 'सायबरस्पेस' म्हणालं की '१९८२, विल्यम गिब्सन' हे माझ्या तोंडून शिंकेसारखं बाहेर पडतं. जयंत नारळीकरांचा किस्सा तर मी बारशातसुद्धा सांगितलाय. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. मीही एकदा आद्याक्षरं उलटी केली होती. बायको कथा उतरवून द्यायला बसली, दुसऱ्या पानावर पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "अक्षर माझं असलं तरी बडबड तुझी आहे, हे कुणीही ओळखेल."

तर माझा भाचा भिवंडीजवळच्या मानकोलीच्या एका गोदामात एचआरमध्ये आहे. (मानकोली की माणकोली, यावर तिथल्या पाट्यांचंच एकमत नाही.) सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, अठ्ठावीसला राष्ट्रीय विज्ञान दिन. कंपनीला दोन्ही साजरे करायचे होते, पण समोसे एकदाच आणायचे होते. "मामा, तुम्ही दोन्हीत बसता," भाचा म्हणाला. मी डोंबिवलीचा. खाडीवर मोठागावचा पूल नव्हता तेव्हा कल्याण नाहीतर ठाण्यावरून वळसा पडायचा आणि असली आमंत्रणं नाकारायला तेवढी सबब पुरायची. आता पूल झाला, सबब गेली.

व्याख्यानाला शोभेल म्हणून मी खादीचा कुर्ता चढवला, खांद्याला शबनम अडकवली. दाढी होतीच. पुढच्या रामायणाला हा वेष बराचसा जबाबदार आहे.

गेटवरच्या रक्षकानं मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला आणि म्हणाला, "टाइम मशीनमध्ये बोट घाला." मी थरारलो. हजेरीच्या यंत्राला हे नाव! मी त्याला लगेच सांगितलं, की हा शब्द एच. जी. वेल्सचा, १८९५ सालचा. "नाय ओ काका," तो म्हणाला, "गेल्याच महिन्यात बसवलंय."

आत छताला टेकलेल्या मांडण्या, आणि त्यांच्या खाली शिरून त्या अख्ख्याच्या अख्ख्या उचलून नेणारी बुटकी, चपटी यंत्रं. एक मधोमध बंद पडलं होतं. "कासव बसलं रे!" कुणीतरी ओरडलं. पाळी बदलायच्या वेळेला माल चढवणारे-उतरवणारे, पिकिंगच्या मुली, ठेकेदाराचा मुकादम असे सगळे गोळा झाले. समोशांचं खोकं समोर, पण उघडायचं नाही, भाषण संपल्यावर. इतका एकाग्र श्रोतृवर्ग मला पूर्वी मिळाला नव्हता.

मी रोबोटपासून सुरुवात केली. हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या १९२० च्या नाटकातला. कृत्रिम कामगारांना काय म्हणावं ते कारेलना सुचेना. 'लाबोरी' हे नाव मनात होतं, पण ते फार पुस्तकी वाटत होतं. भाऊ योसेफ चित्र रंगवत होता. तोंडात कुंचला धरूनच तो पुटपुटला, मग रोबोट म्हण. (तोंडात काहीतरी धरून बोलणाऱ्यांकडे आपल्याकडेही भाषेची सूत्रं द्यायला हरकत नाही. तंबाखू मुबलक आहे.)

"मराठीत यंत्रमानव," मी म्हणालो.

"यंत्रमागावर होतो मी, भिवंडीत," मागून एक पिकल्या मिशांचे काका म्हणाले. "माग गेले भंगारात, मग इकडं आलो."

मी दुरुस्ती केली, पण मग राहवेना. चापेकचे रोबोट लोखंडाचे नव्हतेच, मांसाचे होते. त्यांच्या कारखान्यात मज्जातंतू नि शिरा बनवायची चक्क सूतगिरणी होती. काका पुढच्या रांगेत येऊन बसले.

इथं थांबायला हवं होतं. पण शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय मला घास उतरत नाही. 'रोबोटा' म्हणजे वेठ, मी सांगितलं. जमीनदाराच्या शेतावर ठरलेले दिवस फुकट राबायचं. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती १८४८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा.

"फुकट म्हणजे ओव्हरटाइमसारखं का?" एका मुलीनं विचारलं.

हशा पिकला. मला वाटलं, व्याख्यान रंगतंय. रंगलेल्या व्याख्यानात मी स्वतःला आवरू शकत नाही. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे, हेही मी ओघात सांगून टाकलं. विज्ञानकथेशी त्याचा संबंध काय, हे मला आजही सांगता येणार नाही.

"मग त्या रोबोटांनी काय केलं?"

"बंड!" मी हात उंचावून म्हणालो. शबनम खांद्यावरून घसरली म्हणून तो हात वर नेला होता. पण मुकादमाच्या बाजूनं पाहणाऱ्याला मूठ दिसली असणार.

"कुठल्या युनियनचे तुम्ही?" त्यानं विचारलं.

मी भाच्याकडे पाहिलं. भाचा समोशांचं खोकं मोजत होता. "मी विज्ञानकथेचा," असं मी म्हणालो, ते मुकादमाला टोपणनाव वाटलं. कार्यक्रम वेळेअभावी संपल्याचं जाहीर झालं. आसिमोव्ह, त्यांचे रोबोटांसाठीचे १९४२ चे तीन नियम, कृष्णविवर, सगळं शबनममध्येच राहिलं. नियम आधी सांगितले असते तर बरं झालं असतं. त्यातल्या दुसऱ्यात आज्ञापालन आहे.

दोघांच्या बंदोबस्तात मी गेटपर्यंत आलो. रक्षकानं 'भेटीचा उद्देश' या रकान्यातलं 'भाषा' खोडून 'इतर' लिहिलं. पाळी सुटली होती. मिशीवाले काका समोसा खात मागून आले.

"बंडात सगळी माणसं मेली?"

"एक वाचतो," मी म्हणालो. "आल्क्विस्ट म्हणून. बांधकामावरचा. रोबोटांसारखाच स्वतःच्या हातानं राबतो, म्हणून त्याला सोडतात."

काकांनी माझा हात हातात घेतला, तळवा उलटा करून अंगठ्यानं दाबून बघितला आणि अर्धा समोसा माझ्या हातावर ठेवला.

"तुम्ही खाऊन घ्या," ते म्हणाले.