असू द्या, लागतं

भाऊसाहेबांची ओळख करून द्यायची गरज नाही. नगरच्या माळीवाडा स्टँडवर ‘ओ भाऊसाहेब’ अशी हाक टाकली तर निदान चार माना वळतात आणि त्यांतल्या तिघांची दाढी सकाळी सातच्या आत उरकलेली असते. कोणी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला, कोणी जिल्हा बँकेतून, कोणी शाळेतून. मुलगा हैदराबादला, कोंडापूर भागात फ्लॅट, नातू शाळेत तेलुगू गिरवतोय. जायचं ठरलं की तिकीट मुलगा काढतो, बॅग बायको भरते, पण दाढीचं सामान भाऊसाहेब स्वतः भरतात आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नसतो. जुन्या टेरिकॉट पँटच्या पायाची शिवलेली, नाडी ओवलेली पिशवी. तिच्यात मुलामा उडून पितळ दिसायला लागलेलं रेझर, ब्रश, स्टीलच्या वाटीत बसवलेला गोल साबण, तुरटीचा खडा, मिशीची कात्री, टवका उडालेला आरसा, आफ्टरशेव्हची बाटली आणि टोपाझ ब्लेडची चार पाकिटं. शिवाय रेझरवरचा फेस पुसायला गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचे कापलेले चौकोनी कागद, रबर लावून. “अहो, कागद तिकडेपण मिळतो,” असं बायको म्हणते. “असू दे, लागतं,” असं भाऊसाहेब म्हणतात. या तीन शब्दांवर त्यांचा अख्खा संसार उभा आहे, आणि विमान कंपनीच्या वजनकाट्यापुढेही ते हेच तीन शब्द टाकतात, फक्त तिथे ‘असू द्या’ म्हणतात.

शिर्डी विमानतळ म्हणतात तो खरा कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, ते मुख्यतः साईभक्तांच्या सोयीसाठी. भक्त हैदराबादहून येतात, दर्शन घेतात, उदी आणि लाडू घेऊन परत निघतात. त्याच परतीच्या विमानात, लाडूंच्या वासात, भाऊसाहेब आपली पिशवी छातीशी धरून बसायला बघतात. आता या पिशवीबद्दलचा नियम तसा सरळ आहे. सुटं ब्लेड केबिनमध्ये न्यायचं नाही, खाली द्यायच्या बॅगेत घालायचं. प्लॅस्टिकच्या चौकटीत कायमचं अडकवलेलं पातं, म्हणजे कार्ट्रिज किंवा वापरून फेकायचं रेझर, हातातल्या बॅगेत सहसा चालतं. परदेशी विमानाला क्रीमची ट्यूब हातात न्यायची तर ती १०० मिलिलिटरच्या आतली हवी. फेसाचा दाबाचा डबा खाली दिला तरी प्रत्येक डबा अर्ध्या लिटरच्या वर नको. पॉवर बँकेचं नेमकं उलट. ती खाली देताच येत नाही, हातातच ठेवावी लागते. पातं खाली आणि बॅटरी वर, ही विभागणी एकदा ध्यानात आली की बाकी फार काही उरत नाही. गोल साबण आणि तुरटी यांना तर १०० मिलिलिटरचं बंधनच नाही, कारण दोन्ही घट्ट. म्हणजे आजोबांच्या काळातलं सामान आजच्या तपासणीतून नातवाच्या जेलपेक्षा सहज सुटतं, हे भाऊसाहेबांना कळलं तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो पेन्शनवाढीचाही झाला नसेल.

यावर पहिला आक्षेप असा येतो की माणूस अडाणी आहे, नियम वाचत नाही. हे मला मान्य नाही. भाऊसाहेब नियम मुलापेक्षा बारकाईने वाचतात. वाचून झाल्यावर ते नियमाची व्यवस्था लावतात, एवढाच फरक. बँकेत जोखीम एका खात्यावर ठेवायची नसते. म्हणून ब्लेडचं एक पाकीट मोठ्या बॅगेत पायमोज्यात, दुसरं बायकोच्या बॅगेत लुगड्याच्या घडीत, तिसरं भाजणीच्या डब्याच्या झाकणाखाली, चौथं पुस्तकात. खाली दिलेली एक बॅग गहाळ झाली तर दुसरीत असावं. रेझर मात्र हातातल्या पिशवीत, कारण ते १९७८ सालच्या पहिल्या पगारातलं आहे आणि ते कुठल्याही पट्ट्यावर एकटं सोडायचं नाही. एवढ्या काटेकोर तजविजीत एकच गोष्ट हमखास राहते: त्या रेझरमध्ये त्या दिवशी सकाळी बसवलेलं ब्लेड. यंत्राच्या पडद्यावर ते दिसतं, पिशवी बाजूला घेतली जाते, वाटी निघते, तुरटीचा खडा उजेडात धरून फिरवला जातो, कागदांचं रबर सुटतं. “असू द्या, लागतं,” भाऊसाहेब सांगून पाहतात. जवान मूठ फिरवतो, ब्लेड बाहेर काढतो, रेझर परत देतो. बाकीचे प्रवासी अशा वेळी हुज्जत घालतात किंवा ओशाळतात. भाऊसाहेब जवानाला थांबवतात, “तसं टाकू नका, झाडणाऱ्याचा हात कापेल,” असं म्हणतात, कॅलेंडरचा एक चौकोनी कागद काढतात, त्यात ब्लेड दोनदा दुमडून देतात आणि बायकोकडे वळून बघतात. लागला की नाही कागद?

दुसरा आक्षेप चिक्कूपणाचा. तोही टिकत नाही. ब्लेडचं पाकीट हैदराबादच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतं आणि कोंडापुरातल्या रिक्षाच्या भाड्यापेक्षा स्वस्त मिळतं. पैसे वाचवायचे असते तर भाऊसाहेबांनी मोकळ्या हातांनी जाऊन तिथेच घेतलं असतं आणि पट्ट्यापाशी अर्धा तास बॅगेची वाट बघत उभे राहिले नसते. तिसरा आक्षेप, जुनं ते सोडवत नाही. मग हाच माणूस घोडेगावच्या बाजारातले कांद्याचे भाव मोबाईलवर कसे बघतो, भाजीवाल्याला पैसे मोबाईलवरून कसे देतो? नवं त्यांना कळतं आणि वळतंही. फक्त गालाच्या बाबतीत त्यांचं मत १९०४ सालापाशी ठाम आहे. त्या वर्षी किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थाला दुधारी पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं आणि त्यानंतर या शास्त्रात भर पडण्यासारखं काही झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. पाच पात्यांच्या कार्ट्रिजला ते नांगराचे फाळ म्हणतात.

खरं सांगायचं तर भाऊसाहेबांना हसणाऱ्यांनी नियमांकडेही जरा निरखून पाहावं. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत विमानं पळवणाऱ्यांनी लहान धारदार पाती वापरली, तेव्हा पात्यांवरची बंदी उगाच आलेली नाही, हे कोणीही कबूल करील. १० ऑगस्ट २००६ ला लंडनमध्ये पातळ स्फोटकांचा कट उघडकीला आला. तो कट तडीस गेला नाही, पण तेव्हापासून जगभरची माणसं शाम्पू आणि आफ्टरशेव्ह इवल्या बाटल्यांत ओतून पारदर्शक पिशवीत भरत आहेत. एकदा यादीत आलेली वस्तू यादीतून सहजी जात नाही. का, तर असू द्या, लागतं. सुरक्षा खातं म्हणजे सरकारी खर्चाने पोसलेले भाऊसाहेबच. अमेरिकेने २००५ च्या डिसेंबरात चार इंचांच्या आतली कात्री पुन्हा चालू केली, म्हणजे तिकडचे भाऊसाहेब आमच्यापेक्षा थोडे मऊ म्हणायचे. आणि हे सगळं कुठे, तर ज्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरच्या घरांना परंपरेने दारं नाहीत आणि जिथे २०११ साली युको बँकेने बिनकुलपाची शाखा काढली, त्या जिल्ह्यात. एका तालुक्यात तिजोरी शनिदेवाच्या भरवशावर, दुसऱ्या तालुक्यात चाळीस वर्षं स्वतःच्याच गालावर ब्लेड चालवलेल्या माणसाचा भरवसा नाही! अर्थात विमानतळ शिंगणापूरला झाला असता तरी यंत्र बसवावंच लागलं असतं, हे मलाही कळतं.

मग हे ओझं वाहायचं कशासाठी? माझ्या मते उत्तर ब्लेडच्या हिशेबात आहे. एक ब्लेड चार दाढ्या बरं चालतं, म्हणजे पाचाच्या पाकिटात वीस दिवस. चार पाकिटं म्हणजे ऐंशी दिवस. मुक्काम असतो महिन्याचा, आणि तोही सुनेची सुट्टी संपली की आटोपता. ज्याने हयातभर लोकांचे ताळेबंद जुळवले त्याला हा हिशेब कळत नाही, असं म्हणणं धाडसाचं आहे. शिल्लक राहणार हे धरूनच पाकिटं घेतलेली असतात. कारण ‘तिकडे मिळत नाही’ हे त्यांचं दुसरं वाक्य हैदराबादच्या बाजाराबद्दल खोटं असलं तरी मुलाच्या घराबद्दल खरं आहे. तिथे खरोखरच रेझर नाही. मुलाने पाच वर्षांपूर्वी दाढी वाढवली. त्याच्या आरशाच्या कपाटात दाढीचं तेल, दाढीचा कंगवा आणि ट्रिमरचा चार्जर आहे. भाऊसाहेबांनी पहिल्या वेळी विचारलं होतं, “घरात काही सुतक-बितक नाही ना?” सुतकाचीसुद्धा तेरा दिवसांत उतरते. मुलगा हसला. पण वडलांनी मुलाला बोलून शिकवलेल्या गोष्टी त्या पिढीत फार नसायच्या. सायकल मित्रांनी शिकवली, पोहणं विहिरीने, व्यवहार नोकरीने. आरशासमोर उभं करून, हनुवटी धरून, “केसाच्या दिशेने घे, उलटं नको,” एवढं एक त्यांनी जातीने शिकवलं होतं, आणि पोराने नेमकं तेच सोडून दिलं. तक्रार करायची सोय नाही. दाढी त्याची, गाल त्याचा.

मुलगा दिवाळीला येतो तो पाठीवरची एक सॅक घेऊन. टॉवेल नाही, साबण नाही, चपला नाहीत, कारण नगरच्या घरात आपलं सगळं आहे हे त्याला माहीत आहे. वडील त्याच्याकडे जातात ते साबणाच्या वाटीपासून फेस पुसायच्या कागदापर्यंत सगळं घेऊन. कोणी त्यांना परकं वागवलेलं नसतं. सून तर पहिल्याच दिवशी “पप्पा, काय लागलं तर सांगा,” असं म्हणते. ‘लागलं तर सांगा’ हे ज्याला कोणी म्हणतं तो पाहुणा असतो, हे भाऊसाहेबांना कळतं, आणि म्हणून सांगण्याची वेळच येऊ नये अशी तजवीज ते नाडीच्या पिशवीत करून आणतात. निघताना उरलेली पाकिटं मात्र ते परत आणत नाहीत. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकावा तशी ती पाकिटं तिथे कपाटात ठेवून येतात. पुढच्या खेपेला पुन्हा चार नवी. आतापावेतो तिथे इतकी ब्लेडं साठली आहेत की भाऊसाहेबांना शंभरी गाठूनच ती संपवावी लागतील. सुनेने एकदा ती टाकून देण्याची गोष्ट काढली होती. मग काय वाटलं कोण जाणे, तिने आरशामागचा वरचा कप्पा मोकळा करून दिला. नवऱ्याचं दाढीचं तेल आता बेसिनखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी असतं.