मनाची नोंद डायरीत नको

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951, कलम 28. पोलीस सदैव कामावर आहे असं समजावं. म्हणजे पोलीस लाइनीतल्या खोलीत बनियनवर पडून घोरणारा हवालदारही कायद्याच्या नजरेत ड्युटी करतोय. बायकोला हे पटवून देणं तेवढं कलमात बसलेलं नाही.

अशा खात्याला मधूनच मानसिक आरोग्याचा साक्षात्कार होतो. वायरलेसवर निरोप येतो: तणावमुक्ती शिबिर, प्रत्येक ठाण्यातून दहा माणसं पाठवा. कोण जाणार? ज्याची साप्ताहिक सुट्टी आहे तोच. विसर्जनाचा बंदोबस्त उरकून आलेल्या त्या माणसाला व्याख्याते सांगतात, वेळेवर जेवा, पुरेसं झोपा, मुलांशी गप्पा मारा. पहिल्या रांगेत साहेब. कुणाला काही बोलायचंय? नाही सर. फोटो निघतो, अहवाल वर जातो, तणाव ज्याचा त्याच्याबरोबर घरी जातो.

एरवी हेच खातं भल्याभल्यांना बोलतं करतं.

आपला माणूस का बोलत नाही, हे शोधायला मानसशास्त्रज्ञ कशाला? सिकमध्ये गेला की कामचुकार. झोप लागत नाही म्हणाला की नाटकं. मन थाऱ्यावर नाही असं कबूल केलं तर हत्यार जमा. ते जमा करणं कधी कधी जीव वाचवतं, त्याला माझा विरोध नाही. पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या ठाण्याला कळेल अशा थाटात ते करायची गरज नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 100 तर पोलिसावरच जबाबदारी टाकतं: मनाने आजारी माणूस रस्त्यावर भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घ्या. ठाण्यात टेबलामागे बसलेला दिसला तर काय करायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

न्यूयॉर्कमध्ये 1996 पासून ‘पोपा’ नावाची संस्था आहे. पोलिसाचं ऐकणारे स्वयंसेवकही पोलीसच, पण संस्था खात्याच्या बाहेरची; बोललेलं साहेबांच्या टेबलावर जात नाही. म्हणून तिथे रामराज्य आलं असंही नाही. 2019 मध्ये तिथल्या दहा पोलिसांनी आत्महत्या केल्या आणि आयुक्तांना ही मानसिक आरोग्याची आणीबाणी असल्याचं जाहीर करावं लागलं. जाहीर तरी केलं.

आपल्याकडे चार शिपाई एकत्र बसून मन मोकळं करू लागले की वरच्यांना ऑगस्ट 1982 आठवतो. मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं, लष्कर बोलवावं लागलं, त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. पोलिसांच्या संघटनांवर बंधनं घालणारा केंद्राचा कायदा तर 1966 पासूनच आहे. दुखणं सांगणं आणि मागणी करणं यात फरक असतो, पण तो ओळखायला साहेबाला आधी ऐकावं लागेल.

एका साहेबाने ऐकलंही होतं. 2016 मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यातल्या एका साध्या कर्मचाऱ्याने आठ तासांच्या पाळ्यांचं गणित मांडलं आणि आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ते तिथे लावून पाहिलं, पुढे शहरभर नेलं. ना समुपदेशक, ना प्राणायाम. वेळापत्रक! माझ्या मते पोलिसाच्या मनासाठी या शहरात झालेलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच. त्यानंतर 2022 मध्ये मुंबईत महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी जाहीर झाली, तीही ‘प्रायोगिक तत्त्वावर’. बारा तास उभं राहण्याला मात्र कुणी कधी ‘प्रायोगिक’ म्हटलं नाही, ते वर्षानुवर्षं चालत आलं होतं.

आधार देणारी माणसं ठाण्यात नसतात असं नाही. टपरीवर ‘जा रे घरी, मी बघतो इकडचं’ म्हणणारा म्हातारा हवालदार असतोच. त्याला थोडं शिकवावं, धोका कुठे ओळखायचा आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं ते सांगावं, आणि त्याच्या कानावर पडलेलं स्टेशन डायरीत किंवा कसुरी अहवालात जाणार नाही, हे लेखी द्यावं. आणि यंदा गणपतीनंतर शिबिर घ्यायचंच असेल, तर ते ड्युटीच्या वेळेत ठेवावं आणि साहेबांनी येऊ नये.