कोटेशनकाका

अमेरिकेत जिथे पंचवीस-तीस मराठी घरं एका गावात जमली, तिथे एक कोटेशनकाका निघतातच. मंडळाला अध्यक्ष मिळता मिळत नाही, पण हे पद कधी रिकामं राहत नाही. आमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावचे कोटेशनकाका मूळ सांगलीचे. वालचंदमधून मेकॅनिकल झाले, वायटूकेच्या लाटेत इकडे आले आणि उभा जन्म सॉफ्टवेअरमध्ये काढला. मेकॅनिकलची डिग्री बॅगेच्या तळाशी गेली ती तिथेच राहिली. त्यामुळे 2025 च्या ऑक्टोबरात त्यांच्या घरचा हीट पंप बंद पडला, तेव्हा काकू "अरे देवा" म्हणाल्या आणि काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

हीट पंप दिसायला आपल्या एसीच्या बाहेरच्या डब्यासारखाच. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो. हिवाळ्यात आतली एक झडप फिरते आणि तोच उलटा चालून बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून घरात आणतो. बाहेर पारा शून्यावर असला तरी हवेत उपसण्याजोगी उष्णता शिल्लक असते, आणि ती तयार करायची नसून नुसती वाहून आणायची असल्यामुळे एक युनिट विजेत दोन-तीन युनिटांची ऊब मिळते. हे सांगायला मला चार-पाच वाक्यं पुरली. काकांना एक पंगत लागते. मसालेभातावर काट्याने काढलेली कार्नो सायकल मी स्वतः पाहिली आहे आणि नंतर खाल्लीही आहे.

जुना पंप घराबरोबरच आलेला, 2008 चा. त्यात आर-22 वायू. ओझोनच्या थराला घातक म्हणून त्याचं उत्पादन आणि आयात अमेरिकेत 2020 च्या जानेवारीपासून बंद आहे. उरलासुरला साठा वाटेल त्या भावाने विकला जातो. त्यात कॉइल गळायला लागलेली. दुरुस्तीवाला डबा बघून म्हणाला, नवीनच घ्या. दुसऱ्या कुणी घेतलाही असता. काकांनी एक्सेल उघडलं.

तोवर घर तापवायचं कसं? पंप मेला तरी थर्मोस्टॅटवर 'इमर्जन्सी हीट' नावाची सोय असते. आत विजेच्या कॉइल तापतात, एका युनिटाला एकच युनिट ऊब, बिल मात्र घाम फोडणारं. काकांनी काटा 62 फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या जेमतेम 17 अंशांवर, बांधून टाकला. "इमर्जन्सी आहे, चैन नाही," ते म्हणाले. काकू कानटोपी घालून पोळ्या लाटायला लागल्या.

मग एकेक कंत्राटदार यायला लागला. दारात बुटांवर निळी प्लास्टिकची मोजी चढवायची, टॅबलेट काढायचा, 'गुड, बेटर, बेस्ट' असे तीन भाव दाखवायचे आणि 'बेस्ट'वर बोट जरा जास्त वेळ ठेवायचं, ही इथली रीत. काका त्यांना आल्याचा चहा पाजत. अर्धा कप पोटात गेला की विचारत, "लोड कॅल्क्युलेशन केव्हा करणार?"

इथे बहुतेकांचा चहा थंड व्हायचा. कारण त्यांचं लोड कॅल्क्युलेशन म्हणजे अंगणात जाऊन जुन्या डब्यावरची पट्टी वाचणं. मॉडेल नंबरात 048 दिसलं की झालं: 48 हजार बीटीयू, बारा हजारांचा एक टन, म्हणून चार टन. चार टनाचा होता, चार टनाचा बसवू. "तुम्ही डबा मोजलात," काका शांतपणे म्हणत, "घर नाही."

घर मग काकांनीच मोजलं. टेप घेऊन प्रत्येक खिडकी, कुठली पश्चिमेला, कुठल्या काचा दुहेरी. माळ्यावर चढून इन्सुलेशनमध्ये पट्टी खुपसली आणि काचतंतूंनी दोन दिवस अंग खाजवत बसले. इथे 'मॅन्युअल जे' नावाची हिशोबाची पद्धत आहे. ती पाळायची सोडून सगळे तिचं नाव घेतात. काकांनी ती अक्षरशः पाळली. उत्तर आलं तीन टनांच्या आत.

आता काकांची थट्टा जरा बाजूला ठेवावी लागते, कारण त्यांचं बरोबर होतं. गरजेपेक्षा मोठं यंत्र जुलैत पाच-सात मिनिटांत घर गार करतं आणि बंद पडतं. हवा गार होते, पण दमटपणा उपसायला ते पुरेसा वेळ चालतच नाही. या भागातला उन्हाळा कोकणासारखा चिकट, त्यामुळे घरात ओल्या टॉवेलचा वास. वर सतत चालू-बंद होऊन कॉम्प्रेसर झिजतो तो वेगळाच. गावातल्या निम्म्या मराठी घरांत हा वास आहे आणि तिथल्या यजमानांनी 'बेस्ट' घेतलेलं आहे. शहाण्या माणसाचा वैताग येतो तो तो शहाणा असतो म्हणून.

एक्सेलमध्ये रकाने वाढत गेले. उन्हाळ्याची कार्यक्षमता म्हणजे एसईईआर-2, हिवाळ्याची एचएसपीएफ-2, आवाज किती डेसिबल, वॉरंटी पार्टची की मजुरीचीही, वायू आर-32 की आर-454बी. ब्रँडचा रकाना मात्र काकांनी मध्येच उडवला. कॅरियर आणि ब्रायंट एकाच घरचे, ट्रेन आणि अमेरिकन स्टँडर्ड एकाच घरचे, गुडमन 2012 पासून डायकिनचा, हे कळल्यावर आडनावाचे पैसे कशाला मोजायचे, असा त्यांचा सवाल होता. शेवटचा रकाना होता 'माणूस कसा वाटला'. त्यातल्या नोंदी मी चोरून वाचल्या. "गोड बोलतो. सावध." "आजच सही केली तर सूट म्हणाला. उद्या का नाही?" "चहा आवडला. मुद्द्याचं बोलला नाही." आणि एका ठिकाणी नुसतं, "टाय."

निवड झाली ती एका म्हाताऱ्याची. टॅबलेट नाही, खिशाला पेन्सिल, व्हॅन मळकी. काकांनी ठेवणीतला प्रश्न टाकला: पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत ओढता? म्हातारा डक्टमध्ये डोकं घालून बसला होता. तिथूनच म्हणाला, "पाचशेच्या खाली. मग पंप बंद करून बघतो, टिकतो का." काकांना भरून आलं. सांगली सोडल्यापासून त्यांच्याशी कुणी असं बोललं नव्हतं.

दरम्यान कॅलेंडर पुढे सरकत होतं. चांगल्या कार्यक्षमतेच्या हीट पंपावर केंद्र सरकारची करसवलत होती, खर्चाच्या 30 टक्के, जास्तीत जास्त 2000 डॉलर. जुलैतल्या नव्या कायद्याने तिची मुदत 31 डिसेंबर 2025 ला संपवली, आणि त्या दिवसापर्यंत यंत्र बसून चालू व्हायला हवं होतं. काकांना हे ठाऊक होतं. शीटमध्ये ती ओळ लाल होती. पण बाहेरचं युनिट आणि आतली कॉइल एकमेकांना जुळतात याचा सर्टिफिकेट नंबर एका कंत्राटदाराने पाठवला नव्हता, तो नाताळच्या सुट्टीवर होता, आणि एक चौकट रिकामी ठेवून निर्णय घेणं काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तो कंत्राटदार निवडायचा नव्हता, हे आधीच ठरलेलं होतं. तरीही. पंप बसला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. दोन हजार गेले. "सवलत असती तर त्यांनी भाव तेवढाच चढवला असता," काका म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त कानटोपी काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

पैसे गेल्याचं काकांना खरंच फारसं वाटत नाही. त्यांना धाक आहे तो एकाच प्रसंगाचा: मंडळाच्या संक्रांतीला कुणी तिळगूळ हातावर ठेवत विचारावं, "केवढ्याला पडला?" आणि आकडा ऐकून म्हणावं, "अरेरे, मला विचारायचं ना!" या एका वाक्याच्या भीतीने इथे घरं, गाड्या आणि गाद्या महिनोन् महिने अडकून पडतात.

यंदा विचारणारा निघाला. काकांनी आकडा सांगितला. समोरच्याने लाडू चावत मान हलवली. "बरा पडला," म्हणाला.

काका रात्रभर तळमळले. 'बरा' म्हणजे स्वस्त, की सांत्वन? पहाटे कडाक्याच्या थंडीने दव गोठलं होतं. बाहेरचा डबा बर्फ वितळवायला उलटा फिरला आणि त्यातून वाफेचे लोट निघाले. काकू आग, आग म्हणून ओरडल्या. काका खिडकीपाशी जागेच होते. "डीफ्रॉस्ट आहे," एवढंच म्हणाले. एरवी यावर अर्धा तास बोलले असते.

शनिवारी त्यांच्या दारात एक अनोळखी व्हॅन उभी होती. निळी मोजी चढवलेला तरुण अंगणात नव्याकोऱ्या डब्यासमोर गोंधळून उभा होता. त्याने पट्टी वाचली, कान लावला, पाइप चाचपले. याला झालंय तरी काय, म्हणून विचारलं.

"काही नाही," काका चहाचा कप पुढे करत म्हणाले. "तुम्ही केवढ्याला बसवला असता?"