साडीचोळीची पावती

आमच्या धाकट्या काकांचा वारसाकराला कडाडून विरोध आहे. 2024 च्या लोकसभेच्या धामधुमीत सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसाकराबद्दल बोलले आणि त्या रात्री काकांचा डोळ्याला डोळा लागला नाही. आजोबांच्या मागे राहिलेली इस्टेट म्हणजे दोन एकर तेरा गुंठे, एक विहीर (पाणी फेब्रुवारीपर्यंत) आणि सोसायटीचं पीककर्ज. अमेरिकेत केंद्राचा हा कर त्या वर्षी 1 कोटी 36 लाख डॉलरच्या पुढेच लागत होता, हे मी सांगून पाहिलं.

"आज डॉलर, उद्या गुंठे," काका म्हणाले. "बापानं घाम गाळून केलेलं सरकारनं का म्हणून खावं?"

मुद्दा बिनतोड होता. काकांना स्वतःला त्या रानात घाम गाळताना कोणी पाहिलेलं नाही. पण घामही वडिलोपार्जित असू शकतो.

हा कर आपल्याकडेही होता, हे काकांना ठाऊक नव्हतं. 1953 साली आणला तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. दर पुढे चढत चढत 20 लाखांवरच्या भागाला 85 टक्क्यांपर्यंत गेला. मरणाआधी दोन वर्षांत दिलेलं बक्षीसही इस्टेटीत धरत. म्हणजे बक्षीसपत्रावर सही झाली की म्हातारा किमान दोन वर्षं टिकणं ही पोरांची गरज. वडिलांच्या रक्तदाबाची एवढी आस्था त्यानंतर या देशात कुठल्याच कायद्याला निर्माण करता आलेली नाही.

1985 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो रद्द केला. वसुली वर्षाला जेमतेम 20 कोटींच्या आसपास, आणि ती करायचा खटाटोपच मोठा. दर 85 टक्के आणि वसुली 20 कोटी. तेव्हा श्रीमंत माणसं एकतर मरत नसावीत, किंवा मरायच्या आत गरीब होत असावीत. असा कर गेला म्हणून मी सुतक पाळलं नाही. पुन्हा आणायचा तर निदान वसूल होईल असा आणा, एवढंच माझं म्हणणं.

वसुलीचं शास्त्र शिकायचं असेल तर मात्र अर्थखात्यानं आमच्या काकांकडे यावं.

त्या निवडणुकीच्याच मे महिन्यात काकांनी दोन्ही आत्यांना जीपमधून तालुक्याला नेलं. हक्कसोडपत्र करायचं होतं. मी साक्षीदार. आजोबांनंतर सातबाऱ्यावर वारस लागले, त्यात आत्यांचीही नावं आली होती, आणि काकांच्या मते त्यामुळे उतारा "खराब दिसत होता". मजकूर नेहमीचाच: राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला. सरकारला 200 रुपयांचा मुद्रांक, आत्यांना एकेक साडीचोळी. कराचा दर शंभर टक्के, थकबाकी शून्य.

हा कर कायद्यानं रद्द झालेला नाही असं नाही. महाराष्ट्रानं 1994 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं बसवलं, 2005 मध्ये सगळ्या देशानं बसवलं, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उरलीसुरली शंका काढली. चिंतामणरावांचा कर एकदाच रद्द झाला आणि मेला. हा तीनदा बुडवूनही तरंगतोय, कारण त्याला अधिकारी लागत नाही. भाऊबीज लागते. "माहेर तुटायला नको" एवढ्या एका वाक्यावर अख्खं खातं चालतं.

नोंदणी कार्यालयात थोरल्या आत्याचा अंगठा मशीन घेईना. ऑपरेटर म्हणाला, "मावशी, पुसून ठेवा." तिनं पदराला पुसून ठेवला. नाही. त्यानं टेबलावरचं ओलं फडकं दिलं. तरी नाही. त्यानं बोट उजेडात धरून पाहिलं. "रेषाच राहिल्या नाहीत हो. काय करता?"

"काय करणार? खुरपण," आत्या म्हणाली. लग्नाआधी याच रानात, नंतर सासरच्या, आणि नवरा गेल्यापासून रोजानं.

काका घड्याळ बघत होते. शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली. पडद्यावर आत्याचा फोटो उमटला. ओळखपत्रावर असतो तसा, काहीतरी चुकून हातून फुटल्यासारखा.

परतताना दोघींच्या मांडीवर दुकानाच्या पिशव्या होत्या. साड्यांचं बिल काकांनी घडी घालून खिशात ठेवलं होतं. खर्च मोठ्या काकांबरोबर निम्मा वाटायचा होता. पुढच्या सीटवर त्यांनी मोबाइलवर कुणाचं तरी भाषण मोठ्यानं लावलं आणि मान हलवत म्हणाले, "बरं झालं राजीव गांधींच्या वेळी गेला तो कर. नाहीतर आपल्या हातात काय राहिलं असतं?"

"कसला कर रे?" मागून आत्यानं विचारलं.

"तुला नाही लागत तो," काका म्हणाले.