मिनिटाला तीस रुपये

२०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मन आणि मूत्रपिंड यांना एका पंगतीला बसवलं. शरीराच्या आजाराला विमा जसा लागू, तसाच तो मनाच्या आजारालाही लागू करा, असं त्याचं एकविसावं कलम विमा कंपन्यांना सांगतं. कायदा २०१८च्या मे महिन्यात अंमलात आला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विमा नियामकानेही कंपन्यांना तसं बजावलं. हे सगळं वाचून माझा ऊर भरून आला. मग मी आमच्या एजंटकाकांना फोन केला.

"मिळतं की!" काका उत्साहाने म्हणाले. "फक्त चोवीस तास ॲडमिट व्हायला लागतं."

मेख ती हीच. आपला नेहमीचा मेडिक्लेम ओळखतो तो खाटेला. मोतीबिंदू, डायलिसिस अशा काही मंडळींना त्यातून सूट आहे, पण एरवी चोवीस तास आडवा झाला तोच आजारी. माझं दुखणं आडवं व्हायलाच तयार नव्हतं. वडील गेल्यापासून ते पहाटे तीनला उठून बसायचं, पण दिवसा बँकेत जायचं, येताना मंडईतून कोवळी गवार निवडून आणायचं, चारचौघांत हसायचंसुद्धा. अशा हिंडत्याफिरत्या दुखण्याने आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे जाणं म्हणजे ओपीडी, आणि बहुतेक पॉलिसी ओपीडीच्या वाटेला जात नाहीत. ज्या जातात त्यांचा हप्ता चढा आणि मर्यादा तोकडी. तेव्हा पैसे खिशातून.

पन्नास मिनिटांचे दीड हजार. बँकेत हयात गेलेल्या माणसाला हे दोन आकडे शेजारी दिसले की भागाकार आपोआप होतो. मिनिटाला तीस रुपये. हा हिशेब कोणी करू नये, कारण एकदा केला की तो आपल्याबरोबर आत येऊन बसतो. पहिल्या दिवशी "पार्किंग मिळालं ना नीट?" असं समुपदेशक बाईंनी विचारलं. आमच्या गल्लीतलं पार्किंग, पी वन, पी टू, ट्रॅफिक पोलीस यावर मी सविस्तर बोललो आणि एकशेवीस रुपये उडाले. पाणी प्यायलो, पंधरा रुपये. मग बाई गप्प बसल्या. समोरच्याला बोलू द्यायचं म्हणून असं गप्प बसायचं असतं, हे मला ठाऊक होतं. पण मिनिटाला तीस रुपये मोजून शांतता विकत घ्यायची, हे काही आमच्या रक्तात नाही. मी घाईघाईने काहीतरी बोललो. ते बँकेच्या विलीनीकरणाबद्दल होतं.

पुढे मी शहाणा झालो. म्हटलं, रडण्यात वेळ दवडायचा नाही, ते घरी उरकून यायचं. ही काटकसर मी त्यांना अभिमानाने सांगितली, तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि मग जमतं का घरी?" त्यावर उरलेली वीस मिनिटं गेली. म्हणजे सहाशे रुपये.

सिग्मंड फ्रॉइडने १९१३ सालच्या एका लेखात या व्यवहाराबद्दल अगदी सराफी मोकळेपणाने लिहून ठेवलंय. ठरलेला तास तुमचा. आलात तरी पैसे, नाही आलात तरी पैसे. माणसं पैशाबद्दल बोलताना कामवासनेइतकीच लाजतात आणि तितकीच सोंगं आणतात, हेही त्याचं निरीक्षण. दहाएक वर्षं तो रोज एक तास, कधी दोन, फुकट उपचार करत होता, आणि त्यातून हाती फारसं लागलं नाही असं त्याचं म्हणणं. (हे म्हणणं दुकानदाराचं आहे, हे विसरू नये.) आमच्या बाईंचा नियम त्याच्यापेक्षा सौम्य आहे: यायचं नसेल तर चोवीस तास आधी कळवा, नाहीतर पूर्ण फी. इथेही चोवीस तासच! विमावाल्यांना माणूस चोवीस तास आजारी हवा, यांना चोवीस तास आधी बरा.

आत्याला हे कळलं तेव्हा ती दुखावलीच. "बोलायचे दीड हजार? अरे, मी फुकट ऐकते की!" ऐकते, खरंच ऐकते. पण तिने ऐकलेलं संध्याकाळपर्यंत रत्नागिरीला पोचतं, आणि शिवाय तिचंही व्याजासकट ऐकून घ्यावं लागतं. पैसे देण्यातली सोय मला तिथे कळली. बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय की नाही, सून कशी आहे, हे मला विचारावं लागत नाही. निघताना ओशाळं वाटत नाही. क्लेम नाही म्हणून आजाराला नाव द्यावं लागत नाही. माझ्या दुखण्याचा कोणत्याही फायलीत क्रमांक नाही. मुलाच्या हिंजवडीतल्या कंपनीत तर अशी काही सत्रं फुकट मिळतात. 'संपूर्ण गुप्तता राखली जाईल' असं एचआरने सगळ्यांना मेल पाठवून कळवलं. तो मेल वाचल्यापासून मुलगा बाहेर पैसे भरून जातो.

हे लाड आहेत, याची जाणीव मला आमच्या मावशींनी करून दिली. दीड हजार म्हणजे आमच्या घरचं त्यांचं महिन्याचं धुणंभांडं. "दादा, त्या बाई गोळ्या देत्यात का?" नाही म्हटलं. "मंग इंजेक्शन?" तेही नाही. मावशींनी पदराला हात पुसले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एजंटकाकाच बरे. मी त्यांना १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर लावून दिला. ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारने सुरू केलाय, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. रात्री डोळा लागत नाही, हे त्या पोळ्या लाटताना कितीदा तरी बोलल्या होत्या, आणि मी ते फुकट ऐकत होतो, म्हणजे ऐकत नव्हतो.

घरी प्रश्न उरला तो हिशेबाच्या वहीचा. बायकोच्या वहीत किराणा, दूध, औषधपाणी, देणंघेणं असे रकाने आहेत. औषधपाण्यात टाकावं तर औषध नाही, देणंघेणं म्हणावं तर अहेर नाही. तिने थोडा विचार केला आणि 'घरदुरुस्ती'खाली, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या पुढच्या ओळीत, ते लिहून टाकलं. परवा मी सांगितलं, की दिवाळीपासून बाईंची फी अठराशे होणार. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन गाड्या ओलांडून जाणारा मी, तिथे मात्र निमूट 'चालेल' म्हणून आलो होतो. बायकोने वही मिटली.

"अहो, मग दर वाढायच्या आत बरे होऊन घ्या ना."