बालकामगारमुक्त, हंगाम सोडून

१२ जून हा जागतिक बालकामगारविरोधी दिन. ही तारीख ठरवणाऱ्याला आमच्या ऊसतोडीचे वेळापत्रक तोंडपाठ असावे. त्या दिवशी कारखाने थंड, फड मोकळे आणि टोळ्या बीडला आपापल्या गावी परतलेल्या. बालमजूर औषधालाही सापडत नाही. शिवाय उन्हाळी सुटी संपलेली नसते, त्यामुळे शाळाबाह्य मूलही कोणी दाखवू शकत नाही. प्रभातफेरीला मुले कुठून आणायची, एवढीच काय ती अडचण.

दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो आणि दहा वर्षांची पोर आईबापाबरोबर कोल्हापूर-सांगलीकडे निघते. पहाटे फडात बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधते, पोर वाढे गोळा करते. मधल्या वेळात पाणी भरायचे, कोपीत तान्ह्या भावाला सांभाळायचे. आता हिला मजूर म्हणायचे कसे? मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते कोयत्याच्या नावावर आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरीचे नाव तिथे नाहीच. ते आहे गावच्या शाळेच्या पटावर. म्हणजे ती शाळेत आहे. सरकारी कागदावर संशय घेणे सभ्य माणसाला शोभत नाही.

कायदाही मायाळू आहे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदाखालच्या मुलांना कामाला बंदी केली, पण शाळेनंतर किंवा सुटीत घरच्या उद्योगाला हातभार लावायची मुभा ठेवली. कारखाना घरचा नसला तरी कोयता घरचाच आहे, असे कोणी म्हणाले तर? आणि शाळा तीनशे किलोमीटर मागे राहिली की अख्खा दिवस शाळेनंतरचाच.

मुलांना गावातच ठेवून जेवू घालणारी हंगामी वसतिगृहे आहेत की. फक्त टोळ्या मंजुरीची वाट पाहत थांबत नाहीत. त्यांनी उचल घेतलेली असते, मंजुरीला कसली घाई?

हंगामात पुण्याच्या साखर आयुक्तालयात रोजचा हिशेब पोचतो : कोणी किती ऊस गाळला, उतारा किती पडला. त्याच तक्त्यात एक रकाना वाढवावा : आज फडावर शाळेच्या वयाची मुले किती? साखरेचा उतारा दशांशापर्यंत मोजणाऱ्यांना पोरे मोजणे जड जाऊ नये. ती तर पूर्णांकातच असतात.